मैदान 330–400–330 आहे, तरी प्रत्येक उंच बॉल बाहेर का जातो?

प्रश्न थोडक्यात असा: 'एमएलबी द शो' या बेसबॉलच्या व्हिडिओ गेममधल्या स्टेडियम क्रिएटरमध्ये स्वतःचं बॉलपार्क, म्हणजे बेसबॉलचं मैदान, बनवलं आहे. बॅटर उभा असतो त्या होम प्लेटपासून भिंतीपर्यंत डाव्या फाउल लाइनवर 330 फूट, मध्यात 400, उजव्या लाइनवर 330, भिंतीची उंची सगळीकडे 8 फूट. मागे डोंगर आहेत, त्यांना शोभावी म्हणून समुद्रसपाटीपासूनची उंची पाच हजार फुटांच्या वर ठेवली. सेंटरफील्डच्या भिंतीमागे पांढऱ्या खुर्च्यांचं स्टँड, त्यात मधोमध डायनासोर. आता प्रत्येक सामना 14–11, 16–12 असा संपतो, पिचरच्या हातातून सुटलेला बॉल नीट दिसत नाही आणि सजावट वाढल्यापासून खेळ अधूनमधून अडखळतो. मध्यभागाची भिंत 450 फुटांवर नेली तर सुटेल का?

सुटणार नाही. किंबहुना मध्यभागाला हातच लावू नका, तुमच्या मैदानात तेवढा एकच भाग ठीक आहे. अडचण त्या तीन आकड्यांच्या मधे जे आहे त्यात आहे.

पण आधी एक खात्री करून घ्या. धावा किती होतात हे मैदानाइतकंच अवघडपणाच्या पातळीवर आणि सेटिंगमधल्या स्लायडरवर ठरतं. रूकी या सोप्या पातळीवर खेळत असाल तर कुठल्याही पार्कात धावांचा पाऊस पडेल. म्हणून तेच दोन संघ, तीच पातळी, तेच पिचर घेऊन गेममधल्या तयार पार्कात चार-पाच सामने खेळा. पार्क साधारण समुद्रसपाटीचं घ्या, डेन्व्हरचं कूर्स फील्ड नको. तिथेही 14–11 होत असेल तर दोष तुमच्या मैदानाचा नाही आणि पुढचं वाचायची गरज नाही. तिथे 5–3, 6–4 आणि तुमच्याकडे 14–11 असेल तर पुढे चला. होम रन डर्बीत मात्र हे तपासू नका. तिथे बॉल मारण्यासाठीच टाकलेला असतो, त्यावरून सामन्याचा अंदाज येत नाही.

आता भिंत. तुम्ही पाठवलेल्या वरून घेतलेल्या चित्रात फाउल पोलपासून (लाइन भिंतीला मिळते तिथला खांब) मध्यापर्यंत भिंत जवळजवळ सरळ गेलेली दिसते. दोन्ही बाजूंना दोन सरळ रेषा आणि मध्ये टोक. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. पण होम प्लेटवरून मोजायला लागलात की काय होतं ते बघा. लाइनवर 330. तिथून मध्याकडे सरकत एक चतुर्थांश कोन आत आलात की 326, म्हणजे कोपऱ्यापेक्षाही कमी. अर्ध्यावर 334. तीन चतुर्थांशावर 357. आणि मग एकदम 400. म्हणजे सगळ्यात जास्त उंच बॉल ज्या पट्ट्यात पडतात, लेफ्ट-सेंटर आणि राइट-सेंटर, तिथे तुमचं मैदान जेमतेम 334 फुटांचं आहे. बोर्डावर 400 लिहिलंय म्हणून काय होतं!

हेच तीन बिंदू गोलाकार कमानीने जोडले तर क्रम होतो 330, 359, 381, 395, 400. बोर्डावरचे तिन्ही आकडे तेच, पण मधल्या पट्ट्यात 47 फुटांचा फरक. एकूण मैदानाचं क्षेत्रफळ सरळ रेषांनी सुमारे 93,000 चौरस फूट होतं, कमानीने सुमारे 1,11,000. जवळपास 18,000 चौरस फूट जागा तुम्ही नकळत प्रेक्षकांना देऊन टाकली आहे.

शिकागोच्या रिग्ली फील्डवर हे आकडे डावीकडून उजवीकडे 355, 368, 400, 368, 353 असे आहेत. लाइनवर लांब, मधल्या पट्ट्यात बेताचं. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये 318, 399, 408, 385, 314. लाइनवर तोकडं, पण लेफ्ट-सेंटर खोल. दोन्हीकडे पाच आकडे दिलेले असतात ते उगाच नव्हे. पार्क कसं खेळेल हे दुसरा आणि चौथा आकडा सांगतो. नवीन पार्क आखताना मी आधी हे दोन ठरवतो, मग मध्य, आणि लाइनचे आकडे सगळ्यात शेवटी.

तुम्हाला समतोल मैदान हवं असेल तर लाइन 330 आणि मध्य 400 तसेच ठेवून मधला पट्टा 370 ते 378 च्या दरम्यान न्या. पूर्ण कमानीचे 381 सुद्धा चालतील, पण मग तिथे चपळ सेंटरफील्डर लागेल आणि ट्रिपल (तीन बेस मिळवून देणारे फटके) वाढतील. करताना भिंतीचे बिंदू मध्यापासून लाइनकडे ओढत या, उलट नको. लाइनकडून सुरुवात केली की कोपरा सुंदर होतो आणि सगळी चूक मध्याजवळ गोळा होऊन तिथे खाच पडते. अशा खाचेत बॉल भिंतीला लागून विचित्र कोनात उडतो आणि साध्या डबलचा ट्रिपल होतो. तुम्हाला मुद्दाम तसा कोपरा हवा असेल तर गोष्ट वेगळी, पण तो आपण ठरवून ठेवलेला असावा.

अंतराचा अंदाज नजरेने घ्यायचा असेल तर होम प्लेट ते दुसरा बेस हे माप धरा. ते 127 फुटांपेक्षा थोडं जास्त आहे, त्याच्या तिप्पट म्हणजे 381. मधला पट्टा कुठे शोधायचा? होम प्लेटवरून शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू) डोक्यावरून सरळ बाहेर बघा, तोच.

आता भिंतीची उंची. आपल्याकडचे बहुतेक लोक क्रिकेटकडून बेसबॉलकडे येतात, त्यामुळे डोक्यात फक्त अंतर असतं. सीमारेषेची दोरी जमिनीवर असते, बॉल तिच्या पलीकडे टप्पा खातो की नाही एवढंच बघायचं. इथे होम रनसाठी भिंत ओलांडायची असते, आणि बॉल तिथे पोचेपर्यंत खाली येत असतो. साधारण 45 अंशांनी उतरणाऱ्या बॉलसाठी भिंतीचा प्रत्येक फूट म्हणजे अंतरातला एक फूट. सपाट, ताडकन मारलेला बॉल 30 अंशांनी उतरत असेल तर भिंतीचा एक फूट जवळपास पावणेदोन फुटांचं काम करतो. उंच चढलेला आणि सरळ खाली कोसळणारा बॉल मात्र भिंतीला फारसा जुमानत नाही.

बोस्टनच्या फेनवे पार्कचं गणित यातूनच कळतं. डावी लाइन फक्त 310 फूट, पण तिथली हिरवी भिंत 37 फूट 2 इंच. उंच बॉलसाठी ते साधारण 347 फुटांचं पार्क झालं, सपाट बॉलसाठी त्याहून मोठं. म्हणून तिथे इतरत्र आउट होणारा लोंबता बॉल होम रन होतो आणि इतरत्र होम रन झाला असता असा जोरकस फटका भिंतीला लागून डबल होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरेकल पार्कात उजव्या कोपऱ्यात 309 फुटांवर 24 फुटांची भिंत आहे, तेही याच जातीचं. तुम्हाला मागच्या स्टँडमुळे किंवा रस्त्यामुळे एखादी बाजू तोकडी ठेवायची असेल तर ठेवा, फक्त तिथली भिंत 8 वर सोडू नका. 310 च्या आसपासच्या लाइनला 20 ते 25 फूट भिंत दिली की हिशोब बसतो. उलट सगळीकडे 25 फूट भिंत उभारली तर होम रन थांबतील, पण भिंतीवर झेप घेऊन होम रन हिसकावून घेण्याची मजाही जाईल. 8 ते 10 फुटांच्या भिंतीवर तो झेल शक्य असतो, 15 च्या वर विसरा.

आणि तुमच्या 14–11 मागचं दुसरं मोठं कारण, समुद्रसपाटीपासूनची उंची. कूर्स फील्ड सुमारे 5,200 फुटांवर आहे. तिथल्या वरच्या स्टँडमधली विसावी रांग जांभळ्या खुर्च्यांची आहे, ती बरोबर एक मैलाची खूण. हवा विरळ, त्यामुळे उंच मारलेला बॉल समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाच टक्के लांब जातो. पाच टक्के ऐकायला कमी वाटतात. पण तुमच्या 334 फुटांच्या पट्ट्यात 8 फुटांची भिंत ओलांडायला बॉलने साधारण 342 फुटांची मजल मारायला हवी. पाच हजार फुटांच्या उंचीवर ती मजल मारणारा फटका समुद्रसपाटीवर 326 फूट गेला असता. 326 फुटांचा फटका म्हणजे आउटफील्डर दोन पावलं मागे सरकून आरामात घेतो तो झेल. रिग्लीवर तोच बॉल भिंतीच्या चाळीस फूट अलीकडे हातात पडतो. तुमच्याकडे तो होम रन आहे, आणि एका सामन्यात असे फटके ढीगभर निघतात.

शिवाय विरळ हवेत कर्व्हबॉल, स्लायडर हे वळणारे बॉल कमी वळतात. पिचरचं दुहेरी नुकसान. कूर्स फील्ड बांधणाऱ्यांनी यावर भिंती दूर नेण्याचा उपाय केला: 347, 390, 415, 375, 350. त्याने होम रन आवाक्यात आले, पण आउटफील्ड एवढं पसरलं की तीन खेळाडूंना ते पुरत नाही आणि मधे पडणारे सिंगल, डबल, ट्रिपल वाढले. म्हणजे उंचीची किंमत कुठे ना कुठे मोजावीच लागते. मैदान डोंगरात हवं आणि सामना 5–3 सुद्धा हवा, तर सोपा मार्ग असा: मागे डोंगर ठेवा, पण सेटिंगमधला उंचीचा आकडा हजारापर्यंत खाली आणा. ॲरिझोनातलं चेस फील्ड साधारण 1,100 फुटांवर आहे, तिथे फरक जाणवतो पण खेळ हाताबाहेर जात नाही. डोंगर दिसायला हवेत, हवा विरळ असलीच पाहिजे असं कुठे आहे? खरोखर उंच ठिकाणचं पार्क साकारायचं असेल तर उंची राहू द्या, कूर्सचे आकडे घ्या आणि 9–7 चे सामने मान्य करा.

फाउल टेरिटरीकडे, म्हणजे लाइनच्या बाहेरच्या जागेकडे, जवळजवळ कोणीच बघत नाही. होम प्लेटमागे आणि पहिल्या-तिसऱ्या बेसच्या बाहेर जागा जितकी जास्त, तितके फाउल उडालेले बॉल झेलात संपतात. ॲथलेटिक्स हा संघ 2024 पर्यंत ज्या ओकलंड कोलिझियममध्ये खेळले ते याबाबतीत प्रसिद्ध होतं, पिचरना ते आवडायचं. फेनवेत उलट, खुर्च्या लाइनला अगदी चिकटून, तोच फाउल प्रेक्षकांत जातो आणि बॅटरला आणखी एक संधी मिळते. बेसबॉलची नियमावली होम प्लेटपासून मागच्या जाळीपर्यंत 60 फूट सुचवते, तेवढे धरून चाला. ही गोष्ट टेम्प्लेट निवडतानाच बघावी. प्रेक्षागृहाची खालची वाटी एकदा बसली, तिच्यावर सजावट चढली, की मग बदलणं म्हणजे अर्धं काम पुन्हा करणं.

आता बॉल न दिसण्याबद्दल. पिचरच्या हातामागे, सेंटरफील्डमध्ये एक गडद, सपाट, रिकामा पडदा लागतो, त्याला बॅटर्स आय म्हणतात. पांढरा बॉल पांढऱ्या खुर्च्यांवर शोधायचा म्हटलं तर डोळे फुटतील. फेनवेत दिवसाच्या सामन्यांना मध्यातल्या खुर्च्यांवर काळं ताडपत्रीसारखं आच्छादन घालतात, ते याचसाठी. बहुतेक जण हा पडदा लावतात, पण चुकीच्या उंचीवर. हिशोब करा. कॅमेरा होम प्लेटजवळ जमिनीपासून 4 फुटांवर आहे असं धरू. पिचर बॉल सोडतो तो साधारण 54 फुटांवर आणि 6 फूट उंचीवर. ही रेषा पुढे 400 फुटांपर्यंत वाढवली तर ती 19 फूट उंचीवर पोचते. म्हणजे बॉल सुटताना त्याच्यामागे तुमची 8 फुटांची भिंत नसतेच, तिच्या वरचं स्टँड असतं. आडवं पाहिलं तर पिचरचा हात मध्यापासून तीनेक फूट बाजूला असतो, 400 फुटांवर त्याचे होतात 22 फूट. डावखुरे, उजवे दोन्ही धरले, हात बाजूने फिरवून (साइडआर्म) टाकणाऱ्यांसाठी थोडी मोकळीक ठेवली, की पडदा किमान 80 फूट रुंद आणि भिंतीच्या माथ्यापासून 40 फूट उंचीपर्यंत हवा. रंग गडद हिरवा किंवा काळा. त्यावर नाव नको, लोगो नको, चमकणारा पृष्ठभाग नको.

गेममधल्या स्ट्राइक झोन आणि कॅचर, दोन्ही कॅमेऱ्यांतून तपासा. कॅमेरा बदलला की मागचा भाग वर-खाली सरकतो. दुपारच्या आणि संध्याकाळच्या वेळेलाही बघा. वरच्या स्टँडची सावली होम प्लेट आणि माउंडच्या (पिचर उभा राहतो तो उंचवटा) मधोमध पडत असेल तर बॉल उजेडातून अंधारात येतो आणि कितीही चांगला पडदा लावला तरी चकवतो. नियमावलीत होम प्लेटकडून माउंडवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी अशी शिफारस आहे, कारण मग दुपारचा सूर्य बॅटरच्या मागच्या बाजूला राहतो.

डायनासोरला माझा काही विरोध नाही, त्या टूलची निम्मी गंमत तीच आहे. पण तो मध्यात नको. लेफ्ट-सेंटरच्या पट्ट्यामागे, पडद्याच्या बाहेर न्या. होम रन झाल्यावर कॅमेरा तिकडे जाईल तेव्हा तो जास्त शोभेल.

अडखळण्याचं कारणही याच जागेशी जोडलेलं आहे. प्रत्येक पिचला, म्हणजे पिचरने टाकलेल्या प्रत्येक बॉलला, कॅमेरा होम प्लेटमागून सेंटरफील्डकडे बघतो. त्या पाचरीत जे काही ठेवलंय ते प्रत्येक पिचला चित्रात काढावं लागतं. होम प्लेटमागच्या स्टँडबाहेर तुम्ही अख्खं शहर उभारलं तरी ते क्वचित दिसतं. मी वस्तूंची वाटणी त्यानुसार करतो: मध्यातल्या पाचरीत थोड्या आणि मोठ्या वस्तू, दोन्ही बाजूंना मध्यम, मागे हवी तेवढी गर्दी. वीस छोट्या इमारतींऐवजी तीन मोठ्या आणि त्यांच्यामागे पार्श्वभूमीतली टेकडी. दुरून फरक कळत नाही. पाणी, काच आणि हलणाऱ्या वस्तू मध्यात शक्यतो नकोच.

काय जड झालंय हे शोधायला सगळी सजावट उपसू नका. स्टेडियमची प्रत वेगळ्या नावाने ठेवा, मधल्या पाचरीतलं सगळं काढा, एक डाव खेळा. अडखळणं थांबलं तर निम्मं परत ठेवा, पुन्हा खेळा. तीन-चार फेऱ्यांत दोषी सापडतो. टीव्हीच्या पडद्यावर काही पृष्ठभाग लुकलुकत असतील तर तो वेगळा आजार. दोन वस्तूंच्या सपाट बाजू नेमक्या एकाच ठिकाणी आल्या की आधी कोणती दाखवायची हे ठरत नाही आणि दोन्ही आलटून पालटून दिसतात. एक वस्तू किंचित पुढे किंवा वर सरकवली की थांबतं. स्टँड्सच्या जोडावरही हेच होतं, आणि तिथे फट राहिली तर रिप्लेमध्ये तिच्यातून पलीकडचं आकाश दिसतं. बांधताना दिसत नाही, कारण बांधताना आपण वरून बघत असतो.

बदल एका वेळी एकच करा. आधी समुद्रसपाटीपासूनची उंची खाली आणा आणि चार-पाच सामने खेळा. मग मधल्या पट्ट्याची कमान, पुन्हा तेवढेच सामने. भिंतीची उंची तिसरी. दोन्ही-तिन्ही एकदम बदललेत तर सामने 2–1 वर येतील आणि कशामुळे आले ते कळणार नाही. माझा अंदाज, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि कमान या दोन बदलांत तुमचं काम होईल आणि 8 फुटांची भिंत तशीच ठेवता येईल.

तुम्ही शेवटी विचारलंय की हे स्टेडियम भावाला त्याच्या प्लेस्टेशन 4 वर देता येईल का. नाही. स्टेडियम क्रिएटर 2021 च्या आवृत्तीत आलं तेच मुळी फक्त प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस साठी. या नव्या कन्सोलपैकी कुठलंही असेल तर तुम्ही व्हॉल्टवर (गेममधल्या सामायिक संग्रहात) चढवलेलं स्टेडियम तो उतरवून घेऊ शकतो. चढवण्याआधी नावात तारीख किंवा क्रमांक टाका, नाहीतर कमान दुरुस्त केल्यानंतरही तो जुन्या 334 फुटांच्या मैदानावरच तुम्हाला होम रन मारत बसेल.